पेनड्राइव्हमध्ये सगळं शॉर्टकट झालंय, साफ केलं तरी पुन्हा येतंय?

पेनड्राइव्ह लावला की फोल्डर दिसतात, नावंही आपलीच असतात, पण प्रत्येक आयकॉनच्या खाली डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण आलेला असतो. साईज बघावी तर एक-दोन केबी. आत लग्नाचे तीन जीबीचे फोटो होते, ते दोन केबीत कसे मावतील? कधी सगळे फोल्डर जाऊन एकच शॉर्टकट उरतो आणि त्याला पेनड्राइव्हचंच नाव असतं. कधी नावच नसलेला एक कोरा फोल्डर दिसतो. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं तर आतला माल उघडतोसुद्धा, म्हणून पुष्कळांना महिनाभर काही कळतच नाही.

हा शॉर्टकट व्हायरस, आणि ही झाली पेनड्राइव्हची लक्षणं. कॉम्प्युटरची बघा. नवाकोरा पेनड्राइव्ह लावून त्यात एक फोल्डर टाकला तर मिनिटाभरात त्याचाही शॉर्टकट होतो. लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू केला की थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. अँटीव्हायरस कुणी हात न लावता बंद पडलेला असतो, चालू करायला गेलं तर होत नाही. आणि मुख्य लक्षण, ज्यासाठी हे लिहायला बसलोय: साफ केलं, चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

राजारामपुरीत माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. हा एकच आजार मी इतक्या वेळा काढलाय की गिऱ्हाईक दारातून आत येताना हातात पेनड्राइव्ह धरून आलं की मला पुढचं वाक्य पाठ असतं. कोल्हापुरात डिजिटल बोर्डांचं, म्हणजे फ्लेक्सचं, काम बारा महिने चालतं. वाढदिवस, तालमीचा गणपती, फुटबॉलचा सीझन, निवडणूक. डिझाइन करणारा एका गल्लीत, छापणारा दुसऱ्या गल्लीत आणि दोघांच्या मधे येरझाऱ्या घालणारा पेनड्राइव्ह. त्यात कोर्ट-कचेरीजवळची झेरॉक्सची दुकानं, शाळांच्या लॅब, उद्यमनगरातल्या मशीनवरचे जुने पीसी. व्हायरसला आणखी काय पाहिजे?

आधी हात मागे घ्या

गेल्या सीझनला एक डिझायनर पोरगा रात्री शटर ओढायच्या वेळेला आला. "दादा, सगळं गेलं बघा. उद्या सकाळी बोर्ड लावायचाय." पेनड्राइव्ह उघडला तर सगळीकडे बाणच बाण. विंडोज विचारतंय फॉरमॅट मारायचा का, आणि हा म्हणतोय मारू का? (विंडोज विचारत नव्हतं, यानेच राईट क्लिक करून ती खिडकी उघडली होती.) मी त्याच्या हातातून माऊस काढून घेतला आणि ड्राइव्हची प्रॉपर्टीज उघडली. सोळा जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये अकरा जीबी भरलेले. शॉर्टकट मोजून चौदा. चौदा शॉर्टकट अकरा जीबी कसे खातील? म्हणजे माल आतच आहे, फक्त दिसत नाही.

ही पहिली तपासणी, फुकट आणि अर्ध्या मिनिटाची. ड्राइव्हवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'यूज्ड स्पेस'चा आकडा. तो भरलेला दिसला की निवांत व्हा, डाटा जागेवर आहे. तो रिकामा असेल तर मात्र फाइल खरंच डिलीट झाल्यात. अशा वेळी त्या पेनड्राइव्हवर नवीन एक अक्षरही लिहू नका, कारण नवीन माल जुन्याच्या जागेवर बसतो आणि मग रिकव्हरीलाही काही उरत नाही.

हा व्हायरस करतो काय, तर तुमच्या फोल्डरना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारून लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट बाहेर मांडतो. तुम्ही शॉर्टकट दाबला की आधी त्याची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम देणारी छोटी फाइल, चालते आणि मग तुमचा खरा फोल्डर उघडतो. दारात उभा असलेला चोरच "या, बसा" म्हणून आत घेतो, त्यातला प्रकार.

पूर्वी एवढंही लागत नव्हतं. २००८ साली कॉन्फिकर नावाचा व्हायरस आला तेव्हा पेनड्राइव्ह लावला की ऑटोरनने, म्हणजे आतला प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीने, काम होऊन जायचं. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं, २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही तसा अपडेट दिला. त्यानंतर हे शॉर्टकटवाले बोकाळले. आता व्हायरस स्वतः चालत नाही, तुमच्या बोटाकडून चालवून घेतो. म्हणून पहिला नियम असा की बाण दिसला की डबल क्लिक बंद. "बघू तरी उघडतंय का" म्हणून एकदा दाबलं की तुमचा पीसीही बाधला.

पुन्हा पुन्हा का येतं

हे मला शिकवलं ते माझ्याच मूर्खपणाने. दुकान नवीन होतं तेव्हा माझ्याकडे एक निळा पेनड्राइव्ह होता, त्यात प्रिंटरचे ड्रायव्हर, फॉन्ट, अँटीव्हायरसचा सेटअप. एकाच आठवड्यात शाहूपुरीतलं एक ऑफिस, एक क्लास आणि एका काकांचा घरचा पीसी असे तिघं साफ करून आलो. तिघंही आठ दिवसांत परत आले. काका तर दारातच म्हणाले, "तुम्ही येऊन गेल्यावर जास्त झालंय." मी मनात म्हटलं, काकांनाच काही कळत नाही. रात्री घरी निळा पेनड्राइव्ह स्वच्छ लॅपटॉपला लावून लपलेल्या फाइल दाखवल्या, तर आत एक स्क्रिप्ट फाइल आरामात बसलेली. पहिल्या ठिकाणी ती माझ्या पेनड्राइव्हवर चढली, पुढच्या दोन ठिकाणी मीच नेऊन पोचवली. तिघांचेही पैसे परत केले.

तेव्हापासून मी एकटा पेनड्राइव्ह साफ करत नाही आणि एकटा पीसीही नाही. हे सगळं एक चक्र असतं: पीसी, घरातले सगळे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड, बाहेरची हार्डडिस्क, आणि जिथे तो पेनड्राइव्ह जाऊन येतो ते दुकान. यातलं एक जरी सुटलं तरी बाकीची मेहनत पाण्यात.

खरंच व्हायरस आहे का, ते आधी बघा

दोन गोष्टी व्हायरस नसतानाही व्हायरस म्हणून माझ्याकडे येतात.

एक म्हणजे स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून वर येणाऱ्या "तुमच्या पीसीत पाच व्हायरस सापडले" असल्या पट्ट्या. एक निवृत्त गुरुजी यासाठी दोन वेळा अँटीव्हायरस विकत घेऊन बसले होते. प्रत्यक्षात कुठल्यातरी साइटवर त्यांनी 'अलाऊ' दाबलं होतं आणि ती साइट ब्राउझरमधून नोटिफिकेशन पाठवत होती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांचं काम. आणि पूर्ण स्क्रीन अडवून फोन नंबर दाखवणारी भोंग्याची सूचना आली तर त्या नंबरवर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

दुसरं, नुसता स्लो झालेला पीसी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. काही काम चालू नसताना डिस्क सतत १०० टक्के आणि पीसी जुन्या हार्डडिस्कवरचा असेल, तर बहुतेक वेळा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकून प्रश्न सुटतो. व्हायरसवर त्याचं बिल फाडू नका.

आधी पीसी, मग पेनड्राइव्ह

सगळे पेनड्राइव्ह आणि कार्ड काढून बाजूला ठेवा. क्रम चुकवू नका. बाधलेल्या पीसीवर पेनड्राइव्ह साफ करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

टास्क मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट' नावाची प्रोसेस चालू दिसते का बघा. घरच्या साध्या पीसीवर ती कायम चालू असायचं कारण नसतं. दिसली की एंड टास्क करा, कारण मागे ती स्क्रिप्ट चालू असेल तर तुम्ही पुसाल ते ती परत लिहिते. पण स्क्रिप्ट होस्ट हा स्वतः विंडोजचाच भाग आहे, त्याची फाइल शोधून उडवायला जाऊ नका. दोष त्याला हाकणाऱ्याचा. आणि काही जातींचे व्हायरस इथे दिसतही नाहीत, म्हणून दिसलं नाही तर हायसं वाटून थांबू नका.

तिथेच 'स्टार्टअप'चा टॅब आहे. अनोळखी, विचित्र अक्षरांची नावं डिसेबल करा. मग विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत शेल, कोलन, स्टार्टअप असं सलग इंग्रजीत टाइप करा. जो फोल्डर उघडेल तो बहुतेकांचा रिकामा असतो. तिथे एखादी स्क्रिप्ट दिसली तर तीच पीसी चालू झाला की व्हायरसला उठवणारी. ती डिलीट करा. टास्क शेड्यूलरमध्येही एकदा नजर टाका, दर काही मिनिटांनी चालणारं एखादं काम तिथे लावून ठेवलेलं मला पुष्कळदा सापडलंय.

आता अँटीव्हायरस. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून असतो आणि माझ्या मते घरगुती कामाला तो पुरतो. विकतचा टाकायचा तर टाका, पण एका वेळी एकच. दोन रखवालदार ठेवले की ते एकमेकांवरच भुंकतात, आणि पीसी बसतो ते वेगळंच.

स्कॅन मारण्याआधी एक जागा बघा, जी जवळजवळ कुणीच बघत नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली 'एक्सक्लूजन्स'. म्हणजे 'इथे तपासू नकोस' अशी यादी. एका डीटीपीवाल्या वहिनींच्या पीसीत त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता! दर आठवड्याला त्या इमानेइतबारे स्कॅन करायच्या, रिपोर्ट स्वच्छ यायचा. कुणी टाकलं? त्यांनी इन्स्टॉल केलेल्या फुकटच्या क्रॅकने, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर चोरून चालवायच्या जुगाडाने. ही यादी रिकामी करा, मग अपडेट, मग फुल स्कॅन. फुल स्कॅनला वेळ लागतो, रात्री लावून झोपा. सकाळी 'ऑफलाइन स्कॅन' करा. यात पीसी रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. विंडोज उठलं की लपून बसणारे याच्यात सापडतात.

तरी शंका राहिली तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून चालू आहे. त्यांच्या साइटवर फुकट साफसफाईची टूल आहेत. दुसरं मत म्हणून एकदा चालवायला हरकत नाही.

पेनड्राइव्हमधला माल बाहेर काढणं

पीसी स्वच्छ झाला, आता पेनड्राइव्ह लावा. बाणावर क्लिक करायचं नाही हे विसरला नसालच. आधी ड्राइव्हवर राईट क्लिक करून स्कॅन.

मग लपलेला माल. इथे बहुतेक जण अर्ध्यातच अडकतात. 'हिडन आयटम्स'वर टिक करतात आणि "तरी दिसत नाही" म्हणतात. कारण शिक्के दोन आहेत. फोल्डर ऑप्शन्सच्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' याची टिक काढावी लागते. विंडोज घाबरवतं, यस म्हणा. आता फिकट रंगात तुमचे खरे फोल्डर दिसतील. काम झाल्यावर ती टिक आठवणीने परत लावा.

शिक्के काढायला प्रॉपर्टीजमधलं 'हिडन' काही वेळा दाबताच येत नाही, कारण वर सिस्टिमचा शिक्का असतो. मग कमांड लागते. गडहिंग्लजच्या एका गिऱ्हाइकाला फोनवर सांगितली होती, तशीच सांगतो. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. पेनड्राइव्हचं अक्षर धरू जी. इंग्रजीत लिहा: ए, टी, टी, आर, आय, बी. स्पेस. मायनस एच. स्पेस. मायनस आर. स्पेस. मायनस एस. स्पेस. स्लॅश एस. स्पेस. स्लॅश डी. स्पेस. जी, कोलन, उलटा स्लॅश, चांदणी, टिंब, चांदणी. एंटर. उलटा स्लॅश म्हणजे एंटरच्या आसपास असतो तो, प्रश्नचिन्हाखालचा नव्हे. एवढ्यावरच आमची दहा मिनिटं गेली होती. आणि अक्षर पेनड्राइव्हचंच आहे ना ते दोनदा बघा. ही कमांड सी ड्राइव्हवर मारायची नाही.

फोल्डर दिसायला लागले की फोटो, पीडीएफ, वर्ड, डिझाइनच्या फाइल पीसीवर कॉपी करा. शॉर्टकट, स्क्रिप्ट आणि स्वतः न ठेवलेले प्रोग्राम कॉपी करू नका. सगळं उघडून बघितलं की मग, आणि मगच, पेनड्राइव्ह फॉरमॅट मारा. घरातल्या प्रत्येक पेनड्राइव्हला हेच.

पेनड्राइव्हमध्ये ऑटोरन नावाचा खोटा फोल्डर करून ठेवायची 'लस' अजून लोक सांगतात. ती ऑटोरनच्या जमान्यातली. शॉर्टकटवाल्याला तिचा काडीचाही उपयोग नाही.

येतं कुठून, ते बंद करा

झेरॉक्सला किंवा बोर्ड छापायला द्यायचं तर पीडीएफ मेल करा, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइल मोठी असेल तर गूगल ड्राइव्हची लिंक. पेनड्राइव्हच लागत असेल तर त्यासाठी एक वेगळा, रिकामा ठेवा आणि परत आल्यावर न उघडता फॉरमॅट मारा. आत काही लिहू न देणारं लॉकचं बटण असलेले पेनड्राइव्ह मिळतात. माझा हत्यारांचा पेनड्राइव्ह आता तसलाच आहे.

उद्यमनगरातल्या कारखान्यांचं दुखणं वेगळं. मशीनला जोडलेला पीसी एक्सपी किंवा विंडोज ७ चा, मशीनचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नाही. एक्सपीचे अपडेट २०१४ ला थांबले, ७ चे २०२० ला. तो पीसी बदला असं मी म्हणत नाही, मशीनची किंमत मलाही माहीत आहे. पण त्याला इंटरनेट आणि ऑफिसचं नेटवर्क जोडू नका, आणि त्याच्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा, जो दुसऱ्या कशालाच लागणार नाही. ऑफिसच्या पीसीवर जाण्याआधी दर वेळी स्कॅन.

घरी विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पीसी ११ ला चालत असेल तर अपग्रेड फुकट आहे, करून टाका. अपडेटचं महत्त्व सांगायला एकच उदाहरण पुरे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, त्याने वापरलेलं भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता.

आणि क्रॅक. "इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा" असं जो सांगतो, तो घरफोडी करायला आलाय हे कळायला काय लागतं? पण डेडलाइन असली की आमची डिझायनर मंडळी बंद करतातच. यावर मी कुणाशी वाद घालायचं सोडलंय, फक्त पुढच्या वेळी बिल तेवढंच लावतो.

सगळं करूनही परत आलं तर

मग विंडोज नव्याने टाकणं. डाटा बाहेर काढून, दुसऱ्या स्वच्छ पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर सेटअप बनवून, जुनी पार्टिशन (डिस्कचे सी, डी असे भाग) उडवून. नुसता सी फॉरमॅट मारून डी तसाच ठेवला तर डीमधून पुन्हा येऊ शकतं. त्यानंतर मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. हे पहिल्यांदाच करत असाल तर शेजारी जाणकार माणूस असू द्या.

इथे मात्र थांबा

फाइलच्या नावापुढे भलतंच शेपूट लागलंय, काही उघडत नाही आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आहे, तर तो रॅन्समवेअर. वर लिहिलेलं काहीही करू नका. नेटची वायर काढा, वायफाय बंद, बाहेरची हार्डडिस्क काढा, फाइल आणि चिठ्ठी दोन्ही जपून ठेवा आणि जाणकाराला बोलवा. युरोपोल आणि डच पोलिसांनी इतरांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम'वर काही जातींच्या कुलूपबंद फाइल उघडायच्या किल्ल्या फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाहीत.

खात्यातून पैसे गेले असतील तर दुकानात येऊ नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. त्यात मिनिटं मोजली जातात. हार्डडिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर पीसी बंद करून ठेवा, तो व्हायरस नव्हे, आणि तुमचा प्रत्येक प्रयत्न रिकव्हरीची शक्यता कमी करतो. टॅलीचा किंवा जीएसटीचा डाटा असून बॅकअप नसेल, तर पहिल्याच पायरीला थांबा आणि आधी त्याची कॉपी काढून घ्या.

आणि दुकानात नेलंच, माझ्या किंवा कुणाच्याही, तर डाटा बघितल्याशिवाय फॉरमॅट मारणार नाही असं पावतीवर लिहून घ्या. एकटा सीपीयू आणू नका. घरातले सगळे पेनड्राइव्ह एका पिशवीत घालून आणा, टीव्हीच्या मागे अडकवलेला आणि पोराच्या दप्तरातलाही.